गणपतीत पूल टेबलवर ट्रिक शॉट दाखवायचेत, सात आठवडे आहेत, जमेल का?

शनिवारची_सुट्टी (धागाकर्ता)

मंडळी, विषय जरा विचित्र आहे पण इथे कोणीतरी खेळणारं असेलच म्हणून टाकतोय. आमच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये (पुणे, बाणेर साईड) गेल्या वर्षी एक आठ फुटी पूल टेबल आलं. पहिले सहा महिने लोक त्यावर वाढदिवसाचे केक ठेवायचे, मग सेक्रेटरींनी दम भरला, तेव्हापासून मी आणि अजून दोघंतिघं रोज रात्री जेवणं उरकली की खेळतो. खेळतो म्हणजे काय, एट बॉल, दहातल्या चार गेममध्ये शेवटी घालायचा काळा बॉल आधीच जातो, असो. तर परवा कल्चरल कमिटीच्या मीटिंगला मी फक्त चहासाठी गेलो होतो, कोणीतरी म्हणालं यंदा तेच ते फॅन्सी ड्रेस आणि कराओके नको, काहीतरी वेगळं हवं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की मी ट्रिक शॉट दाखवतो. मिनिट्समध्ये आलंसुद्धा. पंधरा मिनिटं, तिसरा दिवस, आरतीनंतर.

आता व्हिडिओ बघतोय तर तो फ्रेंच फ्लोरियन कोहलर व्हाइटला, म्हणजे काठीने मारायच्या पांढऱ्या बॉलला, अर्धगोल फिरवून आणतोय, माइक मॅसी नुसत्या बोटांनी बॉल गरगर फिरवतोय, आणि इकडे माझा व्हाइट सरळ मारला तरी सरळ जात नाही. सात आठवडे हातात आहेत. वय ४३, चष्मा आहे, क्यू (काठी) क्लबचाच, त्याच्या टोकाची टिप अर्धी झिजलेली. काय शिकू, कुठून सुरू करू?

तिरकस

आधी मिनिट्समधून नाव काढायची ट्रिक शिका.

कॅरमकिंग_डोंबिवली

पूल वगैरे श्रीमंतांचे चोचले. कॅरमवर थंबने रिबाउंड मारून दाखवा, अख्खी सोसायटी उठून उभी राहील. बोरिक पावडर माझ्याकडून.

खडूवाली

हे बरंय, टेबल सोसायटीचं, मेंटेनन्स सगळे भरतात आणि चोचले म्हणे! अहो सुट्टीसाहेब, घाबरू नका, जमेल. मी नाशिकला कॉलेजात असल्यापासून खेळतेय आणि गॅदरिंगला दोनदा केलंय हे. फक्त एक गोष्ट डोक्यातून काढा, ती म्हणजे मासे शॉट. क्यू जवळजवळ उभा धरून वरून मारायचा आणि व्हाइट वळवायचा तो. तो शिकायला वर्षं जातात आणि शिकताना कापडाचं वाटोळं होतं. कित्येक पार्लरमध्ये भिंतीवर पाटीच असते की मासे आणि जंप मारायचे नाहीत. तसंही गणपतीत मासे चालणार नाहीत 😀

तुम्हाला हवेत मांडणीचे शॉट. बॉल आधीच अशा जागी ठेवायचे की मारणाऱ्याने जवळपास बरोबर मारलं तरी जायचं तिथेच जातात. बघणाऱ्याला वाटतं हाताची कमाल, खरं काम मांडताना झालेलं असतं.

मार्कर_मामा

बाईंनी बरोबर सांगितलं. मी पुण्यात कॅम्पातल्या एका क्लबात बावीस वर्षं मार्कर होतो, म्हणजे टेबलं सांभाळायची आणि स्कोअर धरायचा, आता रिटायर. क्लबाचं नाव कशाला. ट्रिक शॉट बघायला आवडतात, पण शिकवायला लागलो की पहिला महिना मी कोणाला बॉल पॉट करू (पॉकेटमध्ये घालू) देत नाही. टेबल रिकामं, फक्त व्हाइट. बॉल्क लाइनवरून (आपल्या टोकाजवळची आडवी रेघ) समोरच्या कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी काठाला, मारा आणि परत आलेला व्हाइट क्यूच्या टिपेवर आला पाहिजे. शंभर वेळा. बाजूला आला म्हणजे तुम्ही मधोमध मारत नाही, नकळत साइड, म्हणजे बाजूची फिरकी, लागतीये. तुमचा सरळ जात नाही म्हणता, तो जात असेल सरळ, पण फिरत जातो.

आणि टिप बदला आधी. स्वस्तातली टिप वाचवायला महागाचं कापड फाडू नका. प्रत्येक शॉटला टिपेला खडू. प्रत्येक म्हणजे प्रत्येक.

अभियंता_अण्णा

मामांना अनुमोदन. थोडी थिअरी टाकतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

पूलचा बॉल ५७.१५ मिमी, म्हणजे सव्वादोन इंच. त्रिज्या साधारण साडेअठ्ठावीस मिमी. बॉलच्या मध्यापासून त्रिज्येच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे १४ मिमीच्या आसपास, टिप लागली तर चालतं, त्यापलीकडे गेलात की टिप घसरते, तोच मिसक्यू. नवशिक्याला वाटतं ड्रॉ (व्हाइट धडकून मागे येतो तो शॉट) मारायला एकदम खालून खरवडायचं असतं. तसं नाही, १४ मिमीच्या आतच राहायचं आणि क्यू पुढे जाऊ द्यायचा.

दुसरं म्हणजे व्हाइट धडकल्यावर कुठे जाणार. व्हाइट न फिरता नुसता घसरत येऊन बॉलला बाजूने लागला तर तो त्या बॉलच्या वाटेशी काटकोनात जातो. पण नीट घरंगळत आला असेल तर मूळ दिशेपासून ३० अंशांच्या आसपास वळतो, आणि गंमत म्हणजे व्हाइटच्या समोर पाव बॉल आला किंवा पाऊण बॉल आला, कसाही लागला तरी साधारण तेवढाच. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत मेकॅनिकल शिकवलेले डेव्ह अल्सियाटोर यांनी यावर ढीगभर लिहून ठेवलंय, त्यांची युक्ती अशी की विजयाची खूण करतो तशी दोन बोटं सैलसर पसरायची, एक बोट व्हाइट जिकडे चाललाय तिकडे धरायचं, दुसरं बोट सांगतं वळून कुठे जाईल. टेबलावर हात ठेवून बघा, खरंच लागू पडतं.

अवांतर: हवामानवाले ज्या कोरिऑलिसचं नाव घेतात ना, वादळं फिरतात ते, त्याच माणसाने १८३५ मध्ये बिलियर्ड्सच्या गणितावर अख्खं पुस्तक लिहिलंय.

तिरकस

धाग्याचं फिजिक्स होणार हे माहीतच होतं. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

जर्सीकर

इथे न्यू जर्सीत बेसमेंटमध्ये टेबल आहे, आठ फुटीच, हिवाळ्यात दुसरं काय करणार. सुट्टी, तुला चार शॉट सुचवतो, मी सगळे मुलांच्या पार्ट्यांना करून झालोय.

पहिला जोडी. दोन बॉल एकमेकांना चिकटवून ठेवायचे, दोघांच्या मध्यातून जाणारी रेघ कॉर्नर पॉकेटकडे. मग व्हाइट भलत्याच बाजूला ठेवून मागच्या बॉलला मारायचा. कुठूनही मारलं तरी पुढचा पॉकेटमध्ये. दुसरा रेल्वे, दोन क्यू शेजारी शेजारी रुळांसारखे ठेवायचे, जाड बाजू तुझ्याकडे, टिपा पॉकेटच्या तोंडाशी. क्यू पुढे निमुळता होत जातो त्यामुळे वर ठेवलेला बॉल आपोआप उतारावर लागतो आणि टिपांवरून खाली पॉकेटमध्ये. लहान मुलं वेडी होतात. तिसरा मशीनगन, लांब कुशनजवळ बॉलची रांग लावायची, कुशन आणि रांग यात व्हाइट जेमतेम शिरेल न शिरेल एवढीच फट, आणि त्या फटीतून व्हाइट जोरात सोडायचा, टकटकटकटक करत सगळ्यांना लागत जातो. शेवटी फुलपाखरू, टेबलाच्या मधोमध सहा बॉल चिकटवून, एका फटक्यात सहा पॉकेटमध्ये सहा. मांडणीचा फोटो टाकलाय बघ. हाच तुझा शेवटचा शॉट, आणि हाच सगळ्यात जास्त छळणार.

शनिवारची_सुट्टी

मामा, अण्णा, ताई, जर्सीकर, सगळ्यांचे मनापासून आभार. टिप बदलली. मामांचा रिकाम्या टेबलाचा व्यायाम सुरू केलाय, शंभरात अकरा वेळा टिपेवर आला. अकरा!! बायको म्हणाली एकटाच भिंतीशी बॅडमिंटन खेळल्यासारखं काय करतोस.

मार्कर_मामा

अकरा वाईट नाहीत. माझ्याकडे एक डॉक्टर यायचे त्यांचे पहिल्या दिवशी दोन आले होते, आणि ते सर्जन होते.

शनिवारची_सुट्टी (बारा दिवसांनी)

अपडेट. मामांचा स्कोअर ३४ वर गेला. पण जोडी शॉट जात नाहीये आणि मला कळतच नाही का. रेघ दोरा लावून बघितली, अगदी पॉकेटच्या मधोमध येते. पॉकेट दोन फुटांवर. बॉल दर वेळी पॉकेटच्या डाव्या जबड्यावर (तोंडाच्या कडेवर) आदळून बाहेर, दर वेळी डाव्याच. माझ्या टेबलाला ढाळ आहे का?

खडूवाली

व्हाइट कुठून मारताय? उजवीकडून ना?

शनिवारची_सुट्टी

हो! कसं ओळखलंत?

खडूवाली

कारण तुमची मांडणी बरोबर आहे म्हणूनच चुकतंय. चिकटलेल्या दोन बॉलमध्ये घर्षण असतं. मागच्या बॉलला उजवीकडून मारलं की तो डावीकडे सरकायला बघतो आणि सरकताना पुढच्यालाही सोबत ओढतो. गर्दीत एकाला धक्का मारला की शेजारचा पण हलतो तसं. म्हणून पुढचा बॉल रेघेवरून न जाता थोडा डावीकडे जातो. याला थ्रो म्हणतात. जास्तीत जास्त फुटाला इंचभर धरून चाला. तुमचं पॉकेट दोन फुटांवर, म्हणजे दीड-दोन इंच डावीकडे, बरोब्बर जबड्यावर. जोडीची रेघ पॉकेटच्या मध्यावर न ठेवता उजव्या जबड्याकडे वळवा आणि मारा.

आणि बॉल पुसा हो. खडूचा डाग नेमका दोन बॉल चिकटतात तिथे आला तर घर्षण अजून वाढतं आणि अंदाज पार चुकतो. ओल्या फडक्याने पुसून कोरडे करायचे, रोज.

कॅरमकिंग_डोंबिवली

हे तर कॅरममध्ये पण होतं! चिकटलेल्या दोन सोंगट्या तिरक्या मारल्या की पुढची जरा सरकून जाते, आम्ही लहानपणापासून अंदाजाने थोडं सोडूनच मारतो. त्याला थ्रो म्हणतात हे आज कळलं. बरं, माझा विरोध मागे.

शनिवारची_सुट्टी

गेला!!! दहात आठ!! ताई तुम्हाला मोदक लागू. रात्रीचे पावणेबारा वाजलेत आणि वॉचमन काका सोडून टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं, त्यांनी वाजवल्या.

जर्सीकर

मस्त! आता फुलपाखरू सुरू कर. टिप्स देतो. एक, सगळे बॉल एकाच सेटमधले घे, जुन्या-नव्याची मिसळ केलीस तर साइजमध्ये केसभर फरक पडतो आणि जे चिकटलेत असं वाटतं ते चिकटलेले नसतात. मोबाईलचा टॉर्च बॉलच्या मागे धर, मधून उजेडाची बारीक रेघ दिसली म्हणजे फट आहे. दोन, जागा सापडली की फाईलच्या कागदाला भोकाभोवती लावतात ना त्या गोल चकत्या, त्या कापडावर चिकटव, बॉल त्यात बसतो आणि दर वेळी त्याच जागी येतो. जाडी नगण्य, बॉलला फरक पडत नाही. काही लोक वरून दुसऱ्या बॉलने ठोकून कापडात खड्डा पाडतात, पण टेबल तुझं नाहीये.

मार्कर_मामा

ठोकणाऱ्यांना मी क्लबाबाहेर काढायचो.

शनिवारची_सुट्टी (चौथा आठवडा)

फुलपाखरू: मंगळवारी सहापैकी ३, बुधवारी ४, गुरुवारी २, शुक्रवारी ५ आणि मग परत २. मशीनगन मात्र पहिल्या दिवसापासून जमतंय, काय आवाज येतो राव.

आणि एक कबुली. काल मोह झाला आणि जंप शॉट करून बघितला. व्हाइटच्या खाली टिप घालून वर उचलला, कारण मला वाटलं जंप म्हणजे तसाच असणार. व्हाइट उडाला तो थेट चपलांच्या रॅकपर्यंत गेला आणि तिथे सेक्रेटरी वाकून बुटाची लेस बांधत होते. लागला नाही. पण आज सकाळी नोटीस बोर्डवर कागद आहे: "क्लब हाऊसमध्ये चेंडू उडविण्यास सक्त मनाई आहे." चेंडू! नाव लिहिलेलं नाही पण सगळ्यांना माहितीये.

अभियंता_अण्णा

😂😂 खालून उचलणं म्हणजे स्कूप, तो नियमात फाऊलच आहे. खरा जंप उलटा असतो, क्यू मागून वर उचलायचा आणि व्हाइटला वरून खाली दाबून मारायचं, तो पाटीवर आपटून उसळतो. कापडाखाली दगडी पाटी असते म्हणूनच उसळतो.

तिरकस

"चेंडू उडविण्यास मनाई", हे बॅनर करून कार्यक्रमाच्या मागे लावा. बेस्ट ट्रिक.

खडूवाली

सुट्टीसाहेब, ५ वरून २ का होतंय ते बघा. फटका तोच आहे का? की पाच गेल्यावर सहाव्याच्या हावेने जोर वाढवला?

शनिवारची_सुट्टी

...जोर वाढवला.

मार्कर_मामा

सगळे तेच करतात. वर कोणीतरी चोचले म्हणालं होतं म्हणून सांगतो. आपल्या पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ ला बिलियर्ड्सचे वर्ल्ड अमॅच्युअर चॅम्पियन झाले, १९६४ ला परत. वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला पहिला भारतीय, कुठल्याही खेळात. आणि पंकज अडवाणीचा जन्म पण पुण्यातलाच, वाढला बंगलोरला. तेव्हा पुण्याच्या टेबलावर उभे आहात एवढं लक्षात ठेवून मारा, जोर लावून काही होत नाही. फुलपाखराला मध्यम फटका लागतो, रोज तोच.

अभियंता_अण्णा

मामा भारी. आणि स्नूकर पण आपल्याकडचंच, १८७५ मध्ये जबलपूरला ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये सुरू झालं आणि उटीच्या क्लबात नियम लिहिले गेले.

सुट्टी, जीव लहान करून घेऊ नका. आर्टिस्टिक पूलच्या वर्ल्ड स्पर्धेत आठ प्रकारचे शॉट असतात आणि एका शॉटला तीन प्रयत्न मिळतात. जगातले सगळ्यात तरबेज लोक, त्यांनाही तीन. तुम्ही पण निवेदकाला आधीच सांगून ठेवा की तीन संधी.

शनिवारची_सुट्टी (सहावा आठवडा)

नवा प्रॉब्लेम, खेळाचा नाही. टेबल आडवं, लोक दोनशे, पुढे पोरं उभी राहिली की मागच्यांना घंटा काही दिसत नाही. कोणाला आयडिया?

जर्सीकर

वरून कॅमेरा. सेल्फी स्टिक टेबलाच्या वरच्या लाईटला बांध आणि मोबाईल टीव्हीला कास्ट कर.

खडूवाली

आणि पाऊस असला तर दारं-खिडक्या तासभर आधी बंद करून एसी लावा. कापड लोकरीचं असतं, दमट हवा पितं आणि बॉल जड पळतो. नाशिकला एकदा असाच शॉट पॉकेटच्या चार बोटं आधी थांबला होता, आणि समोर प्राचार्य.

शनिवारची_सुट्टी (कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे १:२०)

झालं. झोप येत नाहीये म्हणून सगळं लिहून काढतो.

आरती सव्वाआठला संपायची ती नऊला संपली. पाऊस धो धो. मी दारं बंद करून एसी लावला होता, पण आरतीनंतर प्रसाद घ्यायला सगळे आत-बाहेर, दारं सताड उघडी, ओल्या छत्र्या टेबलाला टेकवून ठेवलेल्या. तासाभराचा एसी पाच मिनिटांत गेला. कापडाला हात लावला तर गारगार.

जोडी पहिल्या फटक्यात गेली, मी ओलं कापड धरून जरा जास्त जोर दिला होता. आणि इथे एक प्रकार झाला ज्याचा आम्ही कोणीच विचार केला नव्हता. मोबाईलवरून टीव्हीवर चित्र दोन सेकंद उशिरा येत होतं! म्हणजे पुढची पोरं ओरडली, मागे शांतता, मग दोन सेकंदांनी मागचे ओरडले. प्रत्येक शॉटला दोनदा टाळ्या. निवेदिकेला वाटलं लोक वन्स मोअर म्हणतायत.

रेल्वेला पोरांनी झुकझुक सुरू केलं, बॉल रुळावरून गेला, मस्त. मशीनगन थोडं अडखळलं, शेवटचे तीन बॉल लागलेच नाहीत, व्हाइट ओल्या कापडावर धापा टाकत थांबला. कोणाला कळलं नाही, आवाज आला ना, बास.

मग फुलपाखरू. पहिल्या प्रयत्नात चार. निवेदिकेने "अजून दोन संधी" म्हणून सांगितलं, अण्णांची कृपा. परत मांडलं, टॉर्चने फटी बघितल्या, हात थरथरत होते, मारलं. एक, दोन, तीन, चार गेले, पाचवा रडतखडत गेला, आणि सहावा डाव्या मधल्या पॉकेटच्या अगदी तोंडावर जाऊन उभा राहिला. अर्धा आत. हॉलभर "अरेरेरे" झालं. पुढे खुर्चीत बी विंगच्या जोशी आजी बसल्या होत्या, वय ८१, त्या शांतपणे पुढे वाकल्या आणि एका बोटाने बॉल आत ढकलला. पुढचे हसून हसून लोळायला लागले. आणि मागच्यांना तेव्हा टीव्हीवर दिसत होतं की पाच गेले, सहावा थांबला, अरेरेरे, आणि मग बाजूने बांगड्यांचा हात येतो आणि बॉल आत. मागून जी शिट्टी आली ती सेक्रेटरींची होती.

तिसरा प्रयत्न मी केलाच नाही. आजींच्या नंतर काय मारणार.

खडूवाली

मला आजींचा आयडी द्या इथे 😀😀 अभिनंदन हो!

कॅरमकिंग_डोंबिवली

आजी कॅरमवाल्या. बोट वापरलं.

तिरकस

मी सहसा चांगलं बोलत नाही, पण हे चांगलं झालं.

मार्कर_मामा

कोणता बॉल राहिला म्हणालात, डावा मधला? मधल्या पॉकेटचं तोंड कॉर्नरपेक्षा अर्धा इंच मोठं असतं, तिथे जोराला कमी पडला म्हणजे त्याला फटका पूर्ण पोचला नाही. मांडताना शेवटच्या बॉलवरून बोट काढलंत तेव्हा तो हलला असेल, बाजूचं बोट आधी उचललं की हलतो. दोन्ही बोटं एकदम उचलायची, सरळ वर.

आणि दुसऱ्या फटक्याआधी खडू लावला होता का?

शनिवारची_सुट्टी

नाही मामा.